दाजींनी वाइनला ताकद दिली

माझे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान, यांना दारूतलं सगळं कळायचं. एक चव तेवढी माहीत नव्हती. गळ्यात माळ होती ना! उमापुरात राहून त्यांनी निजाम सरकारकडून मोहाच्या दारूचा गुत्ता, म्हणजे ठेका, हर्राशीत बोली लावून घेतला होता. आजूबाजूच्या गावांतली सगळी दुकानं त्यांचीच. आणि या बहाद्दरानं जन्मात कधी थेंब जिभेला लावला नव्हता. हे मी चेष्टेनं सांगतोय असं वाटेल. चेष्टा आहेच. बायकोच्या भावानं दाजींची चेष्टा करायची नाही तर मग कुणी करायची? पण गोष्ट खरी आहे.

चाखायची नाही म्हटल्यावर पारख करायची कशी? तर दाजी काडेपेटी घेऊन बसायचे. पितळेच्या वाटीत घोटभर दारू ओतायची, वाटी जराशी कोमट करायची आणि काडी लावायची. निळी ज्योत धरली तर माल पहिल्या धारेचा. नुसतंच फुर्र झालं तर भट्टीवाल्यानं पाणी घातलंय, मग त्याची काही धडगत नसायची. दुसरे गुत्तेदार खुशाल पाणी घालून विकत. दाजींच्या दुकानात पाणी दिसायचं ते फक्त गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत. या एका गोष्टीची त्यांना भारी मिजास होती, आणि खरं सांगायचं तर त्यापायी मलाही ते आवडायचे.

अक्काला मात्र या धंद्याची शिसारी होती. मोहाची वाळलेली फुलं पोत्यांनी यायची आणि घराच्या मागच्या खोलीत थप्पी लागायची. त्यांचा तो गोडसर, आंबूस वास भिंतीत मुरलेला, गोधड्यांत मुरलेला, जेवायला बसलं की ताटातसुद्धा हजर. अक्का रोज सकाळी कापूर जाळायची आणि दाजींकडे बघत जाळायची. तिची एकुलती एक लेक मात्र त्या पोत्यांवरच वाढली. लपाछपीत पोत्यांमागं लपायची, उन्हाळ्यात दुपारी पोत्यावरच झोपायची, आणि अक्का तिला दंडाला धरून उठवून अंघोळ घालायची.

लेकीचं लग्न हैदराबादला झालं, एका बड्या वकिलाच्या घरी. मोठं घर, मोठी माणसं. तिथं तिची पेटी उघडली तेव्हा सासूनं नाकाला पदर लावला. सगळी लुगडी धोब्याकडे गेली आणि पेटी कितीतरी दिवस गच्चीवर उन्हात उघडी पडली. ही गोष्ट वकीलसाहेबांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, पुढच्या भेटीत हसत हसत दाजींना सांगितली. गुत्तेदाराची लेक आहे, वास कुठं लपणार, असं काहीतरी म्हणाले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, व्याह्यांनी एकमेकांना टोचायचंच असतं. दाजीही हसले. दारामागं अक्का उभी होती. तिनं ते जे मनात धरलं ते धरलंच.

मग पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपल्याकडचा रिवाज. अक्कानं डिंक, खारीक, आळीव सगळं गोळा करायला घेतलं. इतक्यात हैदराबादहून निरोप आला, की तिकडं डॉक्टरीणबाई आहे, सगळी सोय आहे, शिवाय सूनबाईला अन्नाचा वासही सहन होत नाही, तेव्हा बाळंतपण तिथंच करू. बीडला वकीलसाहेबांचं एका खटल्याचं काम होतं. जाता जाता सातव्या महिन्यात ते सूनबाईला उमापूरला आणतील, डोहाळजेवण होईल, आणि दोन रात्री राहून तिला घेऊन परत जातील. निरोपात कुठंही मोहाच्या वासाचं नाव नव्हतं. पण अक्काला तो सबंध निरोप पेटीच्याच वासाचा वाटला.

त्या दिवशी ती दाजींशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सोप्यात माझ्यासमोर येऊन तिनं त्यांना एवढंच सांगितलं,

"मला काई बी नगं. माझी पोरगी तेवढी ठिवून घ्या."

असं म्हटल्यावर दाजींसारखा माणूस काय करणार? त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला बोलावणं धाडलं. जावयानं मागं कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, की वडील रोज जेवणाआधी एक लहान ग्लास पांढरी वाइन घेतात, समुद्रकाठच्या द्राक्षांची. त्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. दाजींनी तेवढं बरोबर ध्यानात ठेवलं होतं. धंद्याचं माणूस! व्याह्याला त्याच्या आवडीची चीज पाजायची, खूश करायचा, आणि खुशीत असताना पोरीचं मागणं घालायचं, असा सगळा बेत. मी म्हटलं, दाजी, बेत झकास हाय, पण मला कावून बोलावलं? तर म्हणाले, "मी माळकरी. चाखायला कोन? जिबेपुरते तुमी चला."

म्हणजे मी पाहुणा नाही, मेव्हणा नाही, नुसती जीभ! माझ्या जिभेला मोहाची सवय होती हे साऱ्या घराला ठाऊक होतं, अक्का त्यावरून मला उठता-बसता बोलायची. आज त्याच जिभेला बैलगाडीत बसवून जालन्याला न्यायचं ठरलं. मी थोडी मिजास करून घेतली आणि निघालो.

शहागडला नावेतून गोदावरी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी जालन्यात पोचलो. तिथं कंपूत, म्हणजे पलटणीच्या छावणीत, एका पारशाचं दुकान होतं. साहेबलोकांसाठी बिस्किटांपासून बुटांच्या पॉलिशपर्यंत सगळं आगगाडीनं मुंबईहून यायचं, आणि एका भिंतीला नुसत्या बाटल्या. दाजी आत गेले ते थेट खिडकीशी. तिथं एक बाटली उभी होती, खांद्यावर चांगली बोटभर धूळ. जुनी ती चांगली, म्हणून दाजींनी तिलाच हात घातला.

पारशी गमत्या माणूस. तो म्हणाला, शेठ, ती जुनी नाही, ती राहिलेली आहे. समुद्रकाठची पांढरी वाइन ताजीच प्यायची असते, म्हाताऱ्या होऊन शहाण्या होणाऱ्या वेगळ्या. ही जितकी राहील तितकी मरगळत जाते. आणि खिडकीतल्या बाटलीला रोज ऊन लागतं, आत शिजून तिचा काढा झालेला असतो. ती फक्त शोभेला ठेवलीय. असं सांगून त्यानं आतल्या अंधाऱ्या फडताळातून आडव्या ठेवलेल्या बाटल्या काढल्या. आडव्या अशासाठी, की बूच ओलं राहतं आणि वारा आत शिरत नाही. बूच वर सरकलेलं दिसलं तर ती बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

माल पोर्तुगीजांच्या मुलखातला होता, गोव्यावरून मुंबईला आणि तिथून इकडं आलेला. पारशानं आम्हाला समजावलं, की समुद्राजवळच्या मळ्यांत दिवसा ऊन असतं आणि संध्याकाळी खारा गार वारा सुटतो, म्हणून द्राक्ष फार गोड होत नाही, त्यातला आंबटपणा शाबूत राहतो. दाजी मध्येच म्हणाले, की आंबट द्राक्षं तर आम्ही गुरांनासुद्धा घालत नाही. पारशी हसला आणि त्यानं तीन बाटल्या मांडल्या. एकीवर सोनेरी कागद होता, एकीवर गुलाबी फुलं, आणि तिसरीवर साधा पांढरा कागद, त्यावर कुठल्यातरी खेड्याचं नाव. ते नाव पारशालासुद्धा नीट वाचता येत नव्हतं.

सोनेरी कागदाची किंमत ऐकून माझी जीभ आपोआप कोरडी पडली. पारशी प्रामाणिक निघाला. म्हणाला, हिच्यातले अर्धे पैसे गावाच्या नावाचे. त्या नामांकित गावाला लागून हे पांढऱ्या कागदाचं खेडं आहे, तीच माती, तोच वारा, पण नाव कुणी ऐकलेलं नाही म्हणून स्वस्त. आता ही गोष्ट दाजींना मुळीच परकी नव्हती. बाजारात कुणाच्याही तुपाला विकणारा एकाच प्रसिद्ध गावचं नाव लावतो, आणि दाजी जन्मभर त्या गावाच्या शेजारच्या वाडीवरून तूप आणत आलेले. त्यांनी मान डोलावली. अकलेला पटलं होतं, पण मनाला पटलेलं नव्हतं.

मग माझं काम आलं. गुलाबी फुलांची आधी घेतली. ती गोड होती, लहान लेकराला औषध पाजतात तशी गोड. एक घोट बरा वाटला, दुसऱ्याला तोंड चिकट झालं. सोनेरी कागदाची घेतली. तिला जुन्या लाकडाचा वास, भारदस्त खरी, पण माझ्यासारख्याला ती कचेरीत बसल्यासारखी वाटली. शेवटी साध्या कागदाची घेतली आणि डोळे मिचकावले. हिरवं बोर, लिंबाची साल, आणि अगदी शेवटी खाऱ्याचा बारीकसा भास. गिळली आणि तत्क्षणी मला भाकरी आणि ठेचा आठवला. सकाळी चांगला जेवून निघालो होतो, तरी पोटात खड्डा पडला.

दाजी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. विचारलं, "जीब काय म्हनती?"

मी म्हटलं, "भूक लागली म्हनती."

मला अजूनही वाटतं, की पांढरी वाइन निवडायची यापेक्षा चांगली रीत नाही. जी प्यायल्यावर आणखी प्यावीशी वाटते ती दुकानदाराची बाटली; जी प्यायल्यावर जेवावंसं वाटतं ती आपली. वकीलसाहेब जेवणाआधी घेणार होते, तेव्हा हीच बरोबर होती. पारशानंही माझी पाठ थोपटली. सगळं जमलं होतं, आणि तेवढ्यात दाजींनी खिशातून पितळेची वाटी काढली. हो, वाटी घरून आणली होती!

पारशाला वाटलं शेठ आता स्वतः चाखणार. दाजींनी वाटीत साध्या कागदाची वाइन ओतली, तळहाताच्या उबेत धरली आणि काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. सोनेरी कागदाचीही परीक्षा घेतली, तीही नापास. पारशी पोट धरून हसत होता आणि सांगत होता, की ही जळत नसते, हिच्यात तेवढा अर्कच नसतो, हे नुसतं आंबवलेलं असतं, भट्टीतून काढलेलं नसतं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पानी हाय बे निव्वळ."

दाजींच्या तोंडून माझ्यासाठी 'बे' निघालं म्हणजे प्रकरण फार गंभीर. तरी मी हट्ट धरला, जीभ माझी आहे, मी जबाबदार आहे असं म्हटलं, आणि साध्या कागदाच्या अर्धा डझन बाटल्या घ्यायला लावल्या. वर जिभेची मजुरी म्हणून एक माझ्यासाठी मागून घेतली. परतताना गोदावरीच्या नावेत बसल्यावर दाजी म्हणाले, की पारशानं आपल्याला फसवलं, पण माणूस बोलायला गोड होता.

इकडं अक्कानं घराचा पार कायापालट केला होता. मोहाची सगळी पोती गड्यांकडून शेतातल्या गोठ्यात हलवली होती. मागची खोली दोनदा सारवली, भिंतींना चुना दिला, गोधड्या नदीवर धुतल्या, आणि घरभर कापूर आणि ऊद. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घराला कसलाच वास नव्हता. बाटल्या तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. दाजींच्या सहा गोठ्यात गेल्या आणि माझी मी अंगणातल्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली.

दाजींच्या सहा बाटल्या मोहाच्या पोत्यांशेजारी, आणि दाजी रोज सकाळी गोठ्यात जाणारे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वकीलसाहेब आले. उंच, गोरे, शेरवानी, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि बरोबर एका चामडी डबीत स्वतःचा काचेचा ग्लास. पोरगी गाडीतून उतरली आणि अक्कानं धावत जाऊन तिचे हात धरले. सातवा महिना, पण हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. चेहरा एवढासा. ती आत आली, माजघरात उभी राहिली, इकडं तिकडं बघितलं, नाकानं श्वास घेतला आणि म्हणाली, आई, घर वेगळंच वाटतंय गं. अक्का खुशीनं म्हणाली, समदं सारवलंय, आता कसलाच वास न्हाई. पोरगी तोंड फिरवून खाली बसली. तोंड फिरवून खाली बसली.

दुपारी ओटी भरली, डोहाळजेवण झालं. बायकांनी पाच-सात पक्वान्नं करून तिच्यापुढं ठेवली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, डोहाळे कशाचे लागले? ती म्हणाली, कशाचेच नाहीत. एक घास घेतला आणि ताट सरकवलं. वकीलसाहेब सोप्यात मला सांगत होते, की तिकडंही हेच. अंगूर आणले, डाळिंबं आणली, हकीम झाला, डॉक्टरीणबाई झाली, सूनबाई खातच नाही. ते हे रागानं सांगत नव्हते. त्यांना खरीच काळजी होती, आणि ते बघून मला आमचा सगळाच बेत जरा बालिश वाटायला लागला. अशा काळजीत पडलेला माणूस पोरीला या आडगावात ठेवेल कशाला?

दिवेलागणीला दाजींनी पहिली बाटली आणली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, गार. बूच आधीच मोकळं दिसलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा शक आला. दाजींनी ती मोठ्या अदबीनं वकीलसाहेबांच्या काचेच्या ग्लासात ओतली. साहेबांनी ग्लास दिव्यापुढं धरला, रंग बघितला, एक घोट घेतला आणि तसेच थांबले. घोट गिळायचा की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं ना, दाजींच्या दुकानातलं पाणी तेवढंच.

शेवटी गिळला आणि विचारलं, "ही कुठली म्हणालात?"

"समुद्रकाठची," दाजी म्हणाले. आणि मग, देवा, मोठ्या अभिमानानं, "जरा अशक्त हुती. मीच तिला ताकद दिली."

तेव्हा कुठं सगळा प्रकार माझ्या ध्यानात आला. या भल्या माणसानं गोठ्यात बसून सहाच्या सहा बाटल्या उघडल्या होत्या, अर्धी अर्धी वाइन उकिरड्यावर ओतली होती, आणि वरून पहिल्या धारेची मोहाची भरली होती, काडी लावताच पेट घेईपर्यंत. व्याह्याला पाणी घातलेला माल पाजायचा म्हणजे त्यांच्या इज्जतीचा सवाल होता. ज्या वासापायी पोरीची पेटी गच्चीवर पडली, तोच वास त्यांनी वकिलाच्या ग्लासात आपल्या हातानं ओतला होता. आणि एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! खात्री पटावी म्हणून त्यांनी पितळेची वाटी काढली, घोटभर ओतली, दिव्यावर कोमट केली आणि वकीलसाहेबांच्या पुढ्यात काडी लावली. भक्कन निळी ज्योत धरली. आणि तापलेल्या मोहाचा तो वास सोप्यात पसरला, माजघरात शिरला, सारवलेल्या भिंतींना जाऊन भिडला.

वकीलसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. मी दारातून आत बघितलं. अक्का भिंतीला टेकून उभी होती. सगळं संपलं असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. धावत जाऊन तिनं माजघराचं दार लोटायला घेतलं, की निदान पोरीपर्यंत तरी वास जाऊ नये. पण आतून पोरीचा आवाज आला,

"आई, दार लावू नको गं. मोहाचा वास हाय ना हा?"

अक्का नाही-नाही म्हणायला लागली. पोरगी उठून दाराशी आली होती. सोप्यात सासरे बसलेत याचंही तिला भान राहिलं नाही. चौकट धरून ती लहान मुलीसारखी रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "एवढाच वास पायजे हुता मला. तिकडं कुनाला सांगू?"

तिचे डोहाळे ते होते! हैदराबादच्या घरात अंगूर आणि डाळिंबं समोर मांडलेली, आणि हिला आपल्या बापाच्या पोत्यांचा वास हवा होता. ज्या वासापायी पेटी उन्हात पडली, तो कुठल्या तोंडानं मागणार? माहेरी आली तर आईनं घर कापरानं धुऊन काढलेलं. मी स्वतः पळत गोठ्यात गेलो आणि पसाभर वाळलेली फुलं धोतराच्या सोग्यात घेऊन आलो. तिनं ती ओंजळीत घेतली, तोंड बुडवलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, भाकर हाय का गं?

भाकरी होती, कालवण होतं, दुपारची पुरणपोळीही होती. सोप्यात बसून आम्हाला ताटाचा आवाज येत होता. वकीलसाहेब कान देऊन ऐकत होते. आतून अक्का विचारत होती, अजून घालू? आणि पोरगी हो म्हणत होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दाजींकडे न बघता म्हणाले,

"सूनबाई इथंच राहील."

दाजींना काहीच उमजलं नव्हतं. त्यांना वाटलं, ताकद दिलेल्या वाइननं काम केलं. मरेपर्यंत त्यांचा हाच समज होता आणि मीही तो मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाळूतली माझी बाटली काढली, मजुरीवर पाणी सोडलं आणि साहेबांपुढं ठेवली. बूच शाबूत आहे हे आधी दाखवलं. त्यांनी बिचकत बिचकत घोट घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. हैदराबादेत ते सोनेरी कागदाची घ्यायचे. ही तिच्याहून सरस आहे, कुठं मिळाली, कितीला, असं सगळं विचारून घेतलं, आणि किंमत कळल्यावर त्यांनी आपल्या दुकानदाराला माझ्यासमोर एक अस्सल शिवी दिली. त्या रात्री ते आमच्या ताटातलं वांग्याचं भरीत दोनदा मागून जेवले. दाजींनी जाता जाता त्या बाटलीतल्या थेंबालाही काडी लावून बघितली, पेटली नाही, आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

निघताना वकीलसाहेब माजघराच्या दाराशी थांबले. अक्का पदर घेऊन आत उभी होती. दाराकडे बघून ते म्हणाले,

"विहीणबाई, परत पाठवाल तेव्हा तिच्या पेटीत ती फुलं घालून पाठवा. आमच्याकडे मिळत नाहीत."

गाडी गेल्यावर अक्कानं दाजींना गडी बोलवायला सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत सगळी पोती मागच्या खोलीत परत आली. नातू तिथंच झाला, भिंतीपलीकडं मोहाची थप्पी असताना.

पोरीला सासरी पाठवायच्या दिवशी मी गेलो, तर अक्का पेटीपुढं बसलेली. तळाला फुलांचा थर, त्यावर लुगडी, परत फुलं, मग लेकराची अंगडी-टोपडी, आणि वर आणखी ओंजळभर. कापराची पुडी बाजूला पडली होती. मी म्हटलं, अक्का, धोब्याचा खर्च वाढवतेस का? ती म्हणाली, "वाढू दे." आणि पेटीचं झाकण तसंच उघडं धरून, आत वाकून, तिनं पोटभर श्वास घेतला.